पाण्याचा दिवस आणि सातवीचा हजेरीपट: सोलापूरच्या पूर्व भागातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जून २०२२ पासून २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंतचं आहे. शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, मराठी माध्यमाची, सातवीपर्यंतची. शाळेचं किंवा कुणा माणसाचं नाव इथं दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. ज्या मुलीभोवती हे सगळं फिरतं तिला मी ‘थोरली’ म्हणते. घरात ती थोरली आहे, आणि तिच्या गैरहजेरीचं निम्मं कारण तेच होतं.

मी या शाळेत शिक्षिका नाही. आधी बरीच वर्षं एका हायस्कूलमध्ये गणित शिकवलं, आता वस्तीतल्या पाच-सहा जणी मिळून आम्ही मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. शाळेच्या मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणून या प्रकरणात आलो.

पूर्व भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिला इथले लोक अजून ‘जुनी मिल’ म्हणतात. त्या काळापासून तेलंगणातली विणकर कुटुंबं इथं येत राहिली. गिरण्या बंद पडल्या तशी पुरुष माणसं यंत्रमागावर गेली, चादरी आणि टॉवेल विणू लागली. बायकांच्या हातात विडी आधीपासून होतीच, ती आता घराचा मुख्य आधार झाली. गल्लीत शिरलं की एका बाजूनं मागाची खटखट आणि दुसऱ्या बाजूनं तंबाखूचा वास. घरात तेलुगू, गल्लीत दखनी हिंदी नाहीतर कन्नड, आणि शाळेत मराठी. इथलं मूल पहिलीत येतं तेव्हाच त्याला तीन भाषा कानानं येत असतात. दुर्दैवानं पहिलीच्या वर्गात ही गोष्ट कमतरता म्हणून मोजली जाते.

थोरलीचं घर एका खोलीचं, पुढं चार हात पडवी. वडील यंत्रमागावर, बहुतेक रातपाळी. आई विडी वळते. आजीला मोतीबिंदू. भाऊ तिसरीत, आणि सगळ्यात धाकटी अडीच वर्षांची.

विडीचं काम बाहेरून सोपं दिसतं. कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा मिळतो. पान रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि वळणं सुरू. वळलेल्या विडीचं तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायचे. मजुरी हजारावर. कारखान्यात चेकर माल तपासतो, न पटलेल्या विड्या बाजूला काढतो. पान खराब निघालं तर कमी पडलेलं पान बाई स्वतःच्या पैशानं विकत आणते. तोंड दुमडायचं काम बारीक बोटांनी झपाट्यानं होतं, आणि घरात बारीक बोटं असतात ती मुलींची.

कोविडमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा थोरली पाचवीत होती. त्या काळात ती आईशेजारी बसून तोंडं दुमडायला शिकली. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण आईच्या दिवसभराच्या हिशेबात तिची बोटं तोवर धरली गेली होती.

अडचण

सातवीच्या वर्गशिक्षिका मन लावून शिकवणाऱ्या. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं की वर्गातल्या नऊ मुली सारख्या गैरहजर असतात, आणि त्यांत थोरली सर्वांत पुढे आहे. मुलगी हुशार होती. अपूर्णांकांची उदाहरणं फळ्यावर पडायच्या आत तोंडी सोडवायची. पण आठवड्यातून दोन दिवस गायब. आली की चेहऱ्यावर कालचा धडा बुडाल्याची लाज, आणि हळूहळू त्या लाजेनंच ती मागच्या बाकावर सरकत गेली.

शाळेनं नेहमीचं सगळं करून पाहिलं. चिठ्ठ्या पाठवल्या, दोनदा गृहभेट दिली. शाळा व्यवस्थापन समितीत विषय घेतला. शिक्षणहक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. कागदावर तसं होतंही. पण बैठक सकाळी अकराला असायची, आणि त्या वेळेला विडी वळणारी आई एकतर कारखान्याच्या रांगेत असते किंवा सुपापुढे. त्यामुळं बैठकीला येणारे पालक ज्यांची मुलं रोज येतात तेच. त्यांनी ठराव केला की ‘गैरहजर विद्यार्थ्यांच्या पालकांना समज द्यावी’.

समज दिली गेली. थोरलीची आई शाळेत आली, उभ्यानं ऐकून घेतलं आणि जाताना एवढंच म्हणाली, “पाठवते की बाई. पण रोज कसं जमायचं?” या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. मुख्याध्यापकांनी मला नंतर सांगितलं, की ते वाक्य त्यांनी तेव्हा बहाणा म्हणून ऐकलं होतं.

हजेरीपट नीट वाचल्यावर

मला बोलावलं तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. मी गणिताची, म्हणून आधी हजेरीपट मागितला. नऊ मुलींची जुलैपासूनची गैरहजेरी वारानुसार मांडली. वाटलं होतं की एखादा वार वर येईल, बाजाराचा किंवा पगाराचा. काहीच वर आलं नाही. सोमवार ते शनिवार सगळीकडं सारखे ठिपके. दोन दिवस मी त्या कागदाशी झटापट करत होते, आणि वर्गशिक्षिका म्हणत होत्या की बघा, याला कारणच नाही, हा नुसता निष्काळजीपणा.

उत्तर दिलं ते खिचडी वाढणाऱ्या मावशींनी. शाळेत पोषण आहार बाहेरून शिजवून डब्यात येतो, मावशी तो वाढतात आणि उरलेला परत पाठवतात. मी व्हरांड्यात कागद पसरून बसले होते. त्या भांडी घासता घासता वाकून बघत म्हणाल्या, “ताई, वार बघून काय कळायचं? पाणी बघा. पाण्याच्या दिवशी माझा डबा अर्धा परत जायलाय.”

सोलापूरला पाणी मुख्यतः उजनी धरणातून येतं, सुमारे ११० किलोमीटरवरून. शहरात ते रोज येत नाही, हे इथं राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. त्या वर्षी या गल्ल्यांमध्ये चार दिवसांआड येत होतं. सोमवारी आलं तर पुढचं शनिवारी, मग गुरुवारी, मग मंगळवारी. वार दर वेळी सरकणार, म्हणून माझ्या तक्त्यात तो कधीच दिसला नसता. त्यात कुठं पाइप फुटला किंवा पंपाची वीज गेली तर पाळी आणखी पुढं. आणि वेळ ठरलेली नाही. कधी पहाटे चार, कधी सकाळी दहा, कधी भर दुपारी.

मावशींनी घरून भिंतीवरचं कॅलेंडर आणून दिलं. पाण्याच्या प्रत्येक दिवसावर बॉलपेननं ‘पा’ लिहिलेलं. पूर्व भागात अशी कॅलेंडरं घराघरांत असतात, कारण पुढच्या पाण्यापर्यंत किती पिंप पुरवायचे याचा हिशेब त्यावरच होतो. मी ते कॅलेंडर हजेरीपटाशेजारी ठेवलं. थोरली तीन महिन्यांत २७ दिवस आली नव्हती. त्यातले ११ दिवस ‘पा’ होते. राहिलेल्या १६ पैकी बहुतेक दिवशी आई माल द्यायला कारखान्यात गेली होती आणि धाकटीला सांभाळायला घरी दुसरं कुणी नव्हतं. हे दुसरं कारण आईकडूनच कळलं, तेही तिच्या पडवीत बसून, तिच्या हाताला काम असताना. शाळेत उभं करून विचारलं असतं तर ते कधीच कळलं नसतं.

त्या पडवीत मी पाण्याचा एक दिवस पाहिला. वडील रातपाळी करून झोपलेले. नळाला धार बारीक, कारण गल्लीत निम्म्या घरांनी मोटर लावलेली. थोरली नळाखाली घागर धरून बसलेली, भरली की आई उचलून पिंपात ओतणार, तोवर दुसरी घागर. अडीच तास. मध्ये एकदा ती उठली, दप्तरातून भूगोलाचं पुस्तक काढून उंबऱ्यावर उघडं ठेवलं, आणि घागर भरेपर्यंत वाचू लागली. पानं ओल्या बोटांनी उलटत होती. त्या पुस्तकाच्या कडा फुगून जाड झाल्या होत्या. वर्गात त्याच पुस्तकावरून तिला बोलणी बसली होती, पुस्तकं नीट ठेवत नाहीस म्हणून.

समोर असलेले मार्ग

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, अंगणवाडीच्या सेविका, मावशी आणि मी असे पाच जण बसलो. मावशींना बैठकीला बोलवायचं हा निर्णय मुख्याध्यापकांचा. सगळ्या प्रकरणात तो मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो.

पहिला मार्ग होता तक्रारीचा. १९८६ च्या बालकामगार कायद्यानं मुलांना विडीच्या कामाला लावणं बंद केलेलं आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनं तर कायदा आणखी कडक झाला. तंबाखूची धूळ आणि वास लहान मुलांना किती वाईट, हे वेगळं सांगायला नको. थोरलीचं डोकं दुखायचं, कधी मळमळायचं, ते वर्गशिक्षिकांनाही ठाऊक होतं. मग मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर फोन का करायचा नाही? या प्रश्नावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. वर्गशिक्षिकांचं म्हणणं होतं की कायदा आहे तर तो पाळलाच पाहिजे. अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीत अशी तपासणी आली होती, तेव्हा काम थांबलं नाही, फक्त दार लागलं आणि मुली शाळेतून काढून नातेवाइकांकडे पाठवल्या गेल्या. शेवटी असं ठरलं की आई स्वतः बोलायला तयार आहे तोवर बोलायचं, पण मुलीला विडीच्या कामातून पूर्ण बाहेर काढणं ही अट मागं घ्यायची नाही. डिसेंबरपर्यंत काही बदललं नाही तर तक्रार करायची. तारीख ठरवली म्हणून मला हा निर्णय मान्य झाला. बिनतारखेचं ‘समजावून सांगू’ मी मान्य केलं नसतं. तरी ते तीन महिने मुलगी सुपाशेजारी बसत होती आणि आम्हाला ते माहीत होतं, हे लिहून ठेवणं भाग आहे.

दुसरा मार्ग पैशाचा. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. त्यासाठी विडी कामगाराचं ओळखपत्र हवं. थोरलीच्या घरी ते आजीच्या नावावर होतं आणि आई प्रत्यक्ष काम करूनही तिच्या नावावर काहीच नव्हतं. म्हणजे आधी कार्ड, मग अर्ज. मार्ग बरोबर होता, पण यंदाच्या हजेरीला त्याचा उपयोग नव्हता. तो बाजूला चालू ठेवायचा असं ठरलं.

तिसरा मार्ग वर्गशिक्षिकांनी सुचवला. पाण्याच्या दिवशी बुडालेलं संध्याकाळी शिकवायचं. आणि चौथा मावशींनी सुचवला, जो ऐकायला सर्वांत किरकोळ होता. पाणी कधी येणार ते आदल्या दिवशी कळलं तर घरं आपापली सोय करतील. कळत नाही म्हणून तर मुलगी दिवसभर घरी थांबते. पाणी येतं अडीच तास आणि शाळा बुडते सहा तास.

काय केलं

सुरुवात पाण्यापासून केली. आमच्या भागातली चावी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, म्हणजे चावीवाल्याला, मुख्याध्यापक स्वतः जाऊन भेटले. त्याला कुणी सर भेटायला येतील असं वाटलंच नव्हतं. आधी तो घाबरला, तक्रार आहे समजून. मग कळल्यावर म्हणाला, “सर, मला रात्री आठला कळतं उद्याचं. फोन करतो की.” तेव्हापासून तो रोज रात्री एक निरोप पाठवायचा, आणि सकाळी शाळेच्या फाटकाबाहेरच्या फळ्यावर कुठल्या गल्लीला किती वाजता ते लिहिलं जायचं. सुविचाराची जागा त्या फळ्यानं घेतली. वेळ दर वेळी पाळली गेली असं नाही, पण तासाभराच्या फरकानं का होईना, अंदाज मिळू लागला.

त्यावर गल्लीतल्या बचत गटानं पुढचं पाऊल टाकलं. चार-चार घरांनी मिळून पाळी लावली. ज्या घरात त्या दिवशी मोठं माणूस मोकळं असेल ते चारही घरांचं पाणी भरून घेणार. एका गटानं कर्ज काढून पाचशे लिटरची टाकीही बसवली. यात भांडणं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही. कुणाचा पिंप अर्धाच भरला, कुणी मोटर आधी लावली, यावरून दोन घरांची महिनाभर बोलचाल बंद होती. पण थोरलीच्या चार घरांची पाळी टिकली, कारण त्यात एक निवृत्त मागकामगार आजोबा होते. त्यांनी पाण्याच्या दिवसाचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि मुलींना नळाजवळ दिसू देईनात. “ए पोरी, शाळेला जा की, पाणी काय पळून जातंय काय!” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुसरं काम धाकटीचं. कारखान्यात जाऊन आम्ही विनंती केली होती की शाळकरी मुलींच्या आयांचा माल दुपारनंतर घ्यावा. तिथल्या व्यवस्थापकानं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. एका बाईला सवलत दिली तर रांगेतल्या बाकीच्या काय म्हणतील, हा त्याचा मुद्दा खोटाही नव्हता. मग अंगणवाडीच्या ताई पुढं आल्या. खरं तर तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत दिवसभर बसवायची सोय नसते. पण आईनं माल द्यायच्या दिवशी शेजारच्या एका बाईला अंगणवाडीतच धाकटीबरोबर बसवायचं, अशी तडजोड निघाली. त्या बाईला त्या दोन-तीन तासांचे पैसे आमच्या अभ्यासवर्गाच्या गटातून दिले. रक्कम लहान, पण ती दर महिन्याला लागते, आणि ती कोण देणार हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

तिसरं, अभ्यासिका. इथं आमची पहिली ठेच लागली. जवळच्या सार्वजनिक मंडळानं आपली खोली आनंदानं दिली. दिवे, पंखा, फळा सगळं होतं. मुलं आली, मुली आल्या नाहीत. आठवडाभर आम्ही वाट पाहिली, मग थोरलीच्या आईला विचारलं. ती म्हणाली, “तिथं पोरं कॅरम खेळत बसतात ताई. अंधार पडल्यावर पोरीला तिथनं आणायला कोण जाणार?” मंडळाच्या पोरांचा काही दोष नव्हता, खोली त्यांचीच होती. आम्ही आयांना आधी विचारलंच नव्हतं. दिवाळीनंतर अभ्यासिका त्याच गल्लीतल्या एका विडी कामगार बाईंच्या पडवीत हलवली, संध्याकाळी साडेपाच ते सात. जागा अपुरी, पण बारा मुली रोज यायच्या. मंडळाच्या दोन कॉलेजातल्या पोरांनी तिथं येऊन इंग्रजी शिकवायला सुरुवात केली, तेही पडवीच्या बाहेर पायरीवर बसून.

याच पडवीत एक नियम झाला, आणि तो आयांनीच केला. अभ्यासिकेच्या वेळेत कुठल्याच मुलीच्या हातात विडी द्यायची नाही. मग तो वाढत वाढत रविवारपर्यंत गेला. डिसेंबरच्या ठरलेल्या तारखेला आम्ही पुन्हा बसलो तेव्हा थोरलीच्या आईनं सांगितलं, की ती आता तोंडं स्वतःच दुमडते, दिवसाला शे-दोनशे विड्या कमी होतात. ती मजुरी तिनं सोडून दिली होती. यात आम्ही तिला दिलेलं काहीच नव्हतं, म्हणून हे इथं मुद्दाम लिहिते.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक संध्याकाळी पाचला, त्याच पडवीत घ्यायचं मुख्याध्यापकांनी ठरवलं. पहिल्या बैठकीला आलेल्या आयांची पहिली मागणी शौचालयात पाण्याची होती. पाणी आलं नाही की शाळेची टाकी रिकामी, आणि मासिक पाळी सुरू झालेल्या मुली त्या दिवसांत घरी. आमच्या तक्त्यात हे कारण आलंच नव्हतं, कारण ते कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. टाकी मोठी करायला चार महिने लागले.

२६ जानेवारी

सगळं रुळावर येतंय असं वाटत असताना आम्ही एक चूक केली, आणि ती चांगल्या हेतूनं केली. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात थोरलीचा सत्कार ठेवला. पाहुण्यांपुढं निवेदनात वाक्य होतं, ‘घरी विडी वळत शिकणारी ही जिद्दी मुलगी’. टाळ्या झाल्या. तिला शाल, वही, पेन दिलं. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सलग नऊ दिवस. पाणी नव्हतं, आई घरी होती. मी गेले तेव्हा ती पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपलेली. बोलेना. आईनं सांगितलं, वर्गातल्या पोरांनी तिचं नाव ‘विडी’ ठेवलंय. आणि वडील म्हणत होते, की मुलीला काम करायला लावतो म्हणून चारचौघांत आपली इज्जत काढली.

तिला परत आणायला वर्गशिक्षिका रोज संध्याकाळी जाऊन बसल्या. शिकवायला म्हणून नाही, तिच्या आईबरोबर कट्टे बांधायला. पाचव्या संध्याकाळी थोरली स्वतःहून म्हणाली, “बाई, तुमचा दोरा ढिला पडायलाय.” पुढच्या सोमवारी ती शाळेत होती. वर्गात बाईंनी एक तास विणकर, मागकामगार आणि विडी कामगार या शहराचं पोट कसं चालवतात यावर घेतला, कुणाचंही नाव न घेता. ‘विडी’ हे नाव हळूहळू मागं पडलं. पण त्या नऊ दिवसांचा दोष पूर्णपणे आमचा होता. ज्या मुलीची गोष्ट आहे तिला विचारल्याशिवाय ती माइकवरून सांगायची नाही, एवढं साधं भान आम्हाला राहिलं नाही.

काय झालं

परत आल्यापासून एप्रिल २०२३ पर्यंत थोरली चार दिवस गैरहजर होती. पैकी दोन तापाचे. सातवीचा निकाल चांगला लागला. नऊपैकी सहा मुलींची हजेरी अशीच सुधारली. दोघींची थोडीफार. एकीचं कुटुंब मार्चमध्ये अचानक तेलंगणात गावी गेलं. दाखला नेला नाही, फोन लागला नाही. तिच्या गल्लीत आम्ही तीनदा चौकशी केली. ती कुठल्या शाळेत आहे, आहे की नाही, हे आम्हाला कळलेलं नाही.

आईचं ओळखपत्र व्हायला सात महिने लागले. शिष्यवृत्तीचा अर्ज आठवीत गेल्यावरच भरता आला.

पुढचा धक्का मात्र आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्हाला दिसला नाही. आमची शाळा सातवीपर्यंत. जून २०२३ मध्ये थोरली दीड किलोमीटरवरच्या हायस्कूलमध्ये गेली. वर्गात सत्तरच्या आसपास मुलं, फळ्यावर पाण्याची वेळ नाही, शिक्षकांना तिचं घर माहीत नाही. जुलैत आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळं ती तीन आठवडे घरी राहिली. नव्या शाळेनं चिठ्ठी पाठवली. मग समज. अगदी आमच्याच क्रमानं. आम्हाला कळलं ते मावशींकडून, कारण त्यांच्या मुलीच्या वर्गात थोरली दिसेना.

मुख्याध्यापक आणि मी त्या हायस्कूलमध्ये गेलो. तिथल्या वर्गशिक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे सगळं तुमच्याकडं माहीत होतं, तर दाखल्याबरोबर का नाही पाठवलं?”

आज करायचं असतं तर

सरांचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. दाखल्यावर जन्मतारीख असते, जात असते, वर्तणूक ‘चांगली’ असते. दोन वर्षांत जे शिकलो त्यातलं काहीच त्यावर नव्हतं.

आज सुरुवात करायची असती तर मी पहिल्या दिवशी हजेरीपटाआधी मावशींना विचारलं असतं, मग अंगणवाडीच्या ताईंना, आणि शिक्षकांना सर्वांत शेवटी. गृहभेट पाण्याच्या दिवशी दिली असती. अभ्यासिकेची जागा आयांनी ठरवली असती. वडिलांशी आम्ही जवळजवळ बोललोच नाही, कारण ते दिवसा झोपलेले असायचे, आणि २६ जानेवारीनंतर त्याची किंमत मोजावी लागली. आता रातपाळीच्या वडिलांना भेटायला आम्ही संध्याकाळी पाळीवर निघायच्या आधी जातो, चहाच्या गाड्यावर. तक्रारीच्या निर्णयाबद्दल मी अजून ठाम नाही. या घरात वाट पाहणं उपयोगी पडलं. आई बोलायला तयार नसती किंवा मुलगी आणखी लहान असती, तर तीन महिने थांबणं मला बरोबर वाटलं नसतं.

एक गोष्ट मात्र बदलली. २०२४ च्या एप्रिलमध्ये सातवीतून बाहेर पडणाऱ्या मुलींसाठी एक साधा कागद तयार केला, मुलगी आणि आई दोघींना विचारून, त्यांना नको असेल ते वगळून. त्यावर चारच ओळी आहेत. घरी पाणी कोण भरतं. लहान भावंडाला कोण सांभाळतं. पालकांना भेटायची सोयीची वेळ. आणि अडचण आली तर आधी कुणाला फोन करायचा. थोरलीला तो कागद दाखवला तेव्हा ती नववीत जाणार होती. तिनं वाचला आणि पाचवी ओळ सुचवली: ‘मुलीला काय आवडतं’. आता ती सर्वांत वर आहे.

जूनमध्ये अकरा मुलींच्या दाखल्यांबरोबर तो गेला, चार वेगवेगळ्या हायस्कूलमध्ये. दोन ठिकाणी वर्गशिक्षकांनी तो वाचलाय, हे आम्ही जाऊन पाहिलं. उरलेल्या दोन शाळांत पुढच्या आठवड्यात जायचं आहे, पाण्याचा दिवस सोडून.